पुंजाजीचा सारवलेला ढीग

पुंजाजी माझा पडदा ओढायचा. आमची नाटक मंडळी वऱ्हाडभर फिरायची, त्या काळातली बावीस वर्षं. टाळी कुठे पडणार हे त्याला माझ्याआधी कळायचं, आणि दोर नेमका तेव्हाच सुटायचा. पुढे मंडळी बुडाली. मी अमरावतीत मुलांना नाटक शिकवू लागले आणि एका कॉलेजच्या प्राचार्यांना गळ घालून पुंजाजीला त्यांच्या बागेत कामाला लावून दिलं.

तिथे मागच्या अंगणात त्यानं खताचे ढीग उभे केले. खानावळीतलं उरलंसुरलं, कडुनिंबाचा पाला, कापलेलं गवत. दर चार दिवसांनी फावड्यानं ढीग पालटायचा, मग कोपरापर्यंत हात आत घालून ऊब बघायचा. "जिता हाये थो, बाई," म्हणायचा. त्या खतावरचा मोगरा माझ्या दारात आजही फुलतो.

गेल्या वर्षी कॉलेजच्या संस्थेनं ठरवलं, या ढिगांतून हवा तापवणारा वायू किती निघतो ते मोजायचं. आकडा कमी आला तर ढीग राहतील. जास्त आला तर बंद, आणि कचरा गाडीत घालून गावाबाहेर. ढीग गेले की पुंजाजीचं कामही जाणार होतं. मोजायला अकोल्याहून पौर्णिमा नावाची संशोधक मुलगी येणार होती.

पुंजाजी माझ्या ओट्यावर येऊन बसला. "बाई, पोरगी येऊन राहिली. ढीग पालटला का वास सुटते. मी काय करू?"

"अरे, पाहुणी येतेय. पाहुणी यायची तेव्हा घर कसं ठेवतोस?"

हे मी म्हणाले. माझंच वाक्य आहे ते.

त्यानं तीन आठवडे ढीग पालटला नाही. पायांनी दाबून चापून बसवला, वरून शेणमातीनं सारवला, चार बादल्या शेणकाला शिंपडला. पुढ्यात रांगोळी काढली.

"काका, लग्न आहे का कुणाचं?" पौर्णिमा हसली.

"लगनच समजा."

"ढीग नेहमी असाच ठेवता ना?"

"असाच!" पुंजाजी छाती काढून म्हणाला.

तिनं ढिगावर एक डबा पालथा रोवला आणि त्याच्या रबरी बुचातून दर दहा मिनिटांनी इंजेक्शनच्या सुईनं हवा ओढून बाटल्यांत भरली. वेळ पुंजाजी सांगत होता. एका हातानं दुसरं मनगट धरलेलं, नजर त्यावरच्या घड्याळावर, जसा तो विंगेत उभा राहायचा तसाच.

आकडा भयंकर आला. हवा कोंडली की ढीग आतून सडतो आणि मिथेन, तोच हवा तापवणारा वायू, सोडतो, हे आम्हा दोघांना कुठं ठाऊक! ढीग महिनाअखेर उचलायचे, असा हुकूम निघाला. पौर्णिमाला तो आकडा पटेना, म्हणून ती पुन्हा आली. तेव्हा पुंजाजीनं सगळं सांगितलं.

"अहो काका, त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुमी पावन्या, ताई. पावन्याले घरातली घान कोनी दाखवते का?"

ती म्हणाली, "आता पालटा. तुमच्या रीतीनं. मी पुन्हा मोजते."

पुंजाजीनं सारवण फोडलं. तीन आठवडे ढीग पालटत राहिला. पौर्णिमानं दुसऱ्यांदा बाटल्या भरल्या आणि अकोल्याला नेल्या. संस्थेला तिनं पत्र लिहिलं, आठ दिवस थांबा. पाचव्या दिवशी महिना संपला. जेसीबी आला. पुंजाजीचे ढीग वाफाळत गाडीत पडले.

आता तो नांदगाव खंडेश्वरला लेकीकडे असतो. दुसरा आकडा आला, पहिल्याच्या नवव्या हिश्श्याएवढा. मी लगेच फोन लावला.

"पुंजाजी, तुझा ढीग चांगला होता रे."

तो म्हणाला, "सारवन फोडलं त्या दिवशी लय वास सुटला व्हता, बाई. पन पोरीनं नाकाले ओढणी नाई लावली. अर्धा घंटा उभी व्हती. मंग मीच कावून लाजलो?"

रंगमंचावर माझं वाक्य अडलं की विंगेतून तोच ते हळूच पुरवायचा. त्या दिवशी फोन कानाला धरून मी वाट पाहत राहिले.