जानकी मेस्त्रींचा संशय

जानकी मेस्त्री विक्रोळीच्या एका पंख्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तपासनीस होत्या. दुसऱ्याने पास केलेला पंखाही त्या पुन्हा फिरवून बघत. घरीही तेच. काकडी घेतानाच ती कडू निघणार, असं धरून चालत.

मुलगी श्रुतिका नवव्या वर्षापासून इन्सुलिनवर. आता तेवीसची, मुलुंडला नोकरीला. गेल्या वर्षी शेजारच्या माधुरीने एका क्लिनिकचं पत्रक आणून दिलं. रक्तातल्या नियंत्रक पेशी काढून वाढवायच्या, परत सोडायच्या, की इन्सुलिन बंद.

"माका खरा वाटणा नाय," जानकी म्हणाल्या.

"तुला कधी काय खरं वाटलंय?" श्रुतिका म्हणाली.

जानकी पत्रक घेऊन मुलीच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, गार्गी सामंतांकडे गेल्या.

"पेशी खोट्या नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तात लढणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना आवरणाऱ्याही असतात. श्रुतिकात तो आवर कमी पडला आणि लढणाऱ्यांनी इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारल्या. आवरणाऱ्या वाढवून परत द्यायचे प्रयोग चालू आहेत. पण त्याने इन्सुलिन कायमचं सुटतं, असं अजून सिद्ध झालेलं नाही. आणि प्रयोग असा पत्रकं वाटून विकत नाहीत."

घरी जानकींनी हे सगळं सांगितलं. श्रुतिकाने मुकाट ऐकून घेतलं, वाद घातला नाही. तिथेच जानकींच्या मनात पाल चुकचुकली. ती आंघोळीला गेल्यावर त्यांनी इन्सुलिनच्या पेनवर, औषधाच्या पातळीशी, बारीक रेघ मारली. तीन दिवसांनी पाहिलं तर पातळी हवी त्याच्या निम्मीच खाली आलेली.

विचारायचं कसं, या विचारात एक दिवस गेला. दुसऱ्या सकाळी श्रुतिका मोरीत ओकत होती. श्वासाला अति पिकलेल्या फळासारखा वास.

"इन्सुलिन घेतलंस?"

"आठवडाभर निम्मंच घेतेय. त्या क्लिनिकातले डॉक्टर म्हणाले, आधी कमी कर, मग पेशी सोडू." ती भिंतीला टेकली. "कालपासून घेतलंच नाही."

जानकींनी तिला रिक्षात घातलं. इन्सुलिनवाचून रक्तात आम्ल साचलं होतं. हॉस्पिटलात चार दिवस गेले, त्यातले दोन आयसीयूत.

शुद्धीवर आल्यावर, पेनवरच्या रेघेचं कळताच, श्रुतिका म्हणाली, "माझ्यावर पाळत ठेवलीस तू."

"ठेवली."

"मला राग आलाय."

"येऊ दे."

क्लिनिकविरुद्ध जानकींनी लेखी तक्रार दिली. उत्तर अजून आलेलं नाही, पण तिथली पाटी उतरली. माधुरी दोन महिने बोलत नव्हती, आता बोलते.

यंदा डॉ. सामंतांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. फक्त रक्त द्यायचं, या पेशी मोजायला. श्रुतिकाला स्वतःला फायदा काही नाही. "फायदा नाही" हे स्वच्छ सांगितलं, म्हणून जानकी निदान बसून राहिल्या. संमतीपत्र तीनदा वाचलं. उरलेल्या रक्ताचं काय करता, तेही विचारलं.

त्या चौथ्यांदा पहिलं पान काढत होत्या, तेवढ्यात श्रुतिकाने कागद ओढून घेतला आणि सही केली.