आतेच्या बोकडाची पिशवी

आमच्या घरी देवघर नव्हतं, पत्रकांचे गठ्ठे होते. वडील छापून आणत, मी बाजारात वाटत असे. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, हे माझ्या अंगात लहानपणीच मुरलं. मागच्या वर्षी अन्याय झाला तो खोडाळ्याजवळच्या पाड्यावर, माझ्या आतेच्या बोकडावर.

अख्ख्या पाड्याच्या शेळ्या त्याच्याकडेच येत. पण त्या हंगामात एकही गाभण राहिना. बोकड शेळीकडे पाहायचादेखील नाही, नुसता कुडाला टेकून उभा. बोकड आते आणि तिच्या धाकट्या जावेचा सामाईक होता. जाऊ म्हणाली, "खाटकाला देऊन टाकू. मटणाच्या तरी कामी येईल." आतेनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. तिच्या मते नजर लागली होती, आणि नेमकी कुठे, हेही तिनंच ठरवलं. जुन्या गोधडीची दुपदरी पिशवी शिवून तिनं त्याच्या आंडांवर चढवली आणि कमरेला नाडी बांधली. बोकड पाड्यात चड्डी घालून फिरू लागला.

"आते, ही अंधश्रद्धा आहे."

"आन् तू तिथं टक लावून बघतेस, ते काय आहे?"

शेवटी तिला कसंबसं राजी केलं आणि आम्ही जीपनं मोखाड्याला गेलो, बोकड मधल्या सीटपाशी. "मावशी, याला शाळेत घालताय का?" ड्रायव्हरनं विचारलं. आतेनं बोकडाची नाडी आणखी घट्ट केली.

गुरांच्या डॉक्टरांनी बोकडाची पापणी उलटली. आतून पांढरीफटक. लेंड्या तपासल्या, तर जंतांची अंडीच अंडी. मग पिशवी सोडली. आत गोचिडांची वस्ती.

"जंत रक्त पितात," डॉक्टर म्हणाले. "मग अंगात ताकद राहत नाही, इच्छा मरते, बीजही कमजोर होतं. आणि आंडं थंड राहावीत म्हणून तर अंगाबाहेर असतात. त्यांना गोधडी कुणी पांघरली?"

आतेनं माझ्याकडे पाहिलं, जणू मीच शिवली होती.

औषध मिळालं. पण नवं चांगलं बीज तयार व्हायला दोनेक महिने लागणार होते, आणि जाऊ आठवडाभर थांबायलाही तयार नव्हती.

मी रातोरात पत्रक लिहिलं, 'बोकड निर्दोष आहे', आणि अंगणात बायका जमवून मोठ्यानं वाचलं. वृषण म्हटलं तर कुणाला कळेना, आंड म्हटलं तर सगळ्या पदरात तोंड घालून बसल्या. जंतांपर्यंत आले तेव्हा मागून एक म्हातारी म्हणाली, "पोरी, हे औषध माणसालापन चालतं का? आमचा म्हातारा बी कुडालाच टेकून असतो."

जाऊ हसून हसून ओटीवर आडवी झाली. डोळे पुसत म्हणाली, "बरं, र्‍हाऊ दे त्याला दोन महिने. पुढं बघू."

दोन महिन्यांनी तिनं पहिली शेळी स्वतःचीच आणली, शंका म्हणून. ती परत माजावर आली नाही, म्हणजे गाभण राहिली. खाटकाचं नाव जावेनं पुन्हा काढलं नाही.

आते मात्र बदलली. आता ती दारातच उभी राहून प्रत्येक शेळीची पापणी उलटते. गेल्या महिन्यात माझ्या आईची शेळीही तिनं परत पाठवली.

"आते, घरचीच आहे ना."

"घरची असली म्हनून काय? आधी औषध पाज तिला, मग आन."