ओल्या हातांनी

तमिळ मुलखातल्या समुद्राकाठच्या तिरुवल्लिकेणीत आम्ही ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, त्या अक्का समुद्री सापांच्या शास्त्रज्ञ होत्या. हे मला सामान लावून झाल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर मी सरळ साताऱ्याची गाडी धरली असती. नवरा पहाटे ओरगडमच्या कारखान्याच्या बसनं जायचा आणि मी दिवसभर या बाईच्या तावडीत. घराणं तंजावरचं, मराठी जुन्या वळणाची, मधूनच तमिळ घुसायची. तरुणपणी अंदमानात मगरीचं घरटं बघायला गेल्या आणि मगरीनं त्यांना दिवसभर झाडावर बसवून ठेवलं, हे त्या इतक्या खुशीत सांगायच्या की मगरीचं काही चुकलं असं वाटायचंच नाही. घरात लंगडी मांजरं आणि पंख मोडलेलं एक घुबड. लग्न राहूनच गेलं, म्हणायच्या, आणि त्याचं त्यांना काडीचं दुःख नव्हतं.

निवृत्तीनंतरही त्या रोज सकाळी किनाऱ्यावर जात. कोळी जाळं ओढून काढत, त्यात मासळीबरोबर साप येत. पूर्वी ते सापांना वल्ह्यानं ठेचत. अक्कांनी वर्षानुवर्षं खपून त्यांना साप सोडायला शिकवलं होतं. आधी हात समुद्राच्या पाण्यात भिजवायचे, कारण कोरडा हात त्याच्या कातडीला सोसत नाही. मग अलगद उचलून लाटेत सोडायचा. काठी नको, काठीनं पाठ मोडते. हातमोजेही नकोत.

"पण हे विषारी ना?" मी एकदा विचारलं.

"नागाहून जास्ती. पण उगीच चावत नाहीत गं. चावले तरी बहुतेकदा विष सोडत नाहीत."

हे खरंच होतं. बहुतेकदा.

त्या दिवशी किनाऱ्यावरून आल्या, कॉफी मागितली आणि करंगळीवरचे दोन ठिपके मला दाखवले, एखादी बाई नवी अंगठी दाखवते तसे. "रिकामा चावा. दुखत पण नाही, अय्यो, घाबरतेस काय?" समुद्री सापाचा चावा दुखतच नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं! हॉस्पिटलात चला म्हणून मी जीव तोडून सांगितलं, पण एवढी शिकलेली बाई हटून बसली. दुपारी अंग ठणकायला लागलं, मग जबडा आवळला. तेव्हा कुठे उठल्या. रिक्षात पापण्या मिटत होत्या, तरी माझं मनगट घट्ट धरून जड जिभेनं म्हणाल्या, "डॉक्टरला खरं सांग. कोळ्यांना नको. हार्ट म्हण. नाहीतर पुन्हा मारायला लागतील ते."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? अक्का हॉस्पिटलातून परत आल्या नाहीत.

त्यांचं सगळं आटोपल्यावर मी किनाऱ्यावर गेले. जाळ्याचा मालक म्हातारा कोळी त्यांना अम्मा म्हणायचा. काय झालं, त्यानं विचारलं. मी म्हटलं, "हार्ट." तो वाळूत बसला आणि टॉवेलात तोंड घालून रडला. तेवढ्यात जाळं वर आलं, त्यात साप होता. म्हातारा उठला, हात भिजवले आणि त्याला उघड्या हातांनी उचललं. "अम्माच्या नावानं सोडतो," म्हणाला. सापाचं डोकं त्याच्या अंगठ्याशी वळत होतं.

मला राहवलं नाही. माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये ओरडले, "टाका तो! असल्याच सापानं मारलं त्यांना!"

त्यानं साप लाटेत टाकला, माझ्याकडे न बघता.

राग येतो मला अक्कांचा, अजून येतो. लंगड्या मांजरासाठी जीव टाकणाऱ्या बाईला त्या म्हाताऱ्याचे उघडे हात कसे दिसले नाहीत? पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा ओरडेन.

पुढे एकदा मासळी घ्यायला गेले, तर जाळ्याशेजारी ठेचलेले साप पडले होते. म्हाताऱ्याच्या पायाशी एक जिवंत होता, वाळूत वळवळत. त्यानं वाकून आधी दोन्ही हात पाण्यात भिजवले, अक्कांनी शिकवलं होतं तसे. मग वल्हं उचललं.