दलाल, पण घेणाऱ्याचे

घरं दाखवायच्या धंद्यात किस्से आपोआप जमत जातात. गिऱ्हाईक किल्ली घेतं, पेढे देतं आणि जाताना एखादा किस्सा आमच्याकडं विसरून जातं. तो परत न्यायला कुणी येत नाही. आमच्या जुन्या जालन्यातल्या ऑफिसात चार खुर्च्या मावतात, एक पंखा मावतो, पण किस्से आता मावत नाहीत. म्हणून थोडे बाहेर काढते.

आधी आमची ओळख. मी संध्या. पूर्वी एका बँकेत होमलोनच्या टेबलावर बसायचे. माझे पार्टनर अप्पा. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं बिल्डर लोकांचे प्लॉट विकले. माझ्या टेबलासमोर रोज नवी जोडपी यायची, आणि मी रोज एकच चित्र बघायचे. विकणाऱ्याकडं वकील, सेल्समन, छापील रंगीत पुस्तक. घेणाऱ्याकडं कोण? त्याचा मेव्हणा.

एक दिवस मी अप्पांना म्हणाले, "अप्पा, आपण घेणाऱ्याच्या बाजूनं बसू या का?"

अप्पांनी हातातला चहा संपवला. मग म्हणाले, "चालंल. विकनाऱ्याच्या बाजूनं बसून बसून कंबर दुखून राह्यली."

बोर्ड लागला : फक्त घर घेणाऱ्यांसाठी. फी घेणारा देणार, विकणाऱ्याकडून आम्ही चहासुद्धा घेणार नाही. जालन्यात हे कुणालाच कळलं नाही.

*

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आले ते मोंढ्यातले एक शेटजी. त्यांना प्लॉट विकायचा होता. अप्पांनी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, "आमी विकून देत न्हाई. घ्यायचं असंल तर बोला."

शेटजींनी बोर्ड परत वाचला. "म्हंजे माल आला तर घेनार न्हाई?"

"न्हाई."

"मंग दुकान कामून उघडलं?"

ते उठून गेले आणि पुढचे कितीतरी दिवस मोंढ्यात सगळ्यांना सांगत फिरले, की स्टेशनच्या रोडला दोन येडे बसलेत, आलेल्या गिऱ्हाईकाला परत पाठवतात. झालं असं, की त्या महिन्यात आमच्याकडं जे जे लोक आले, ते सगळे त्यांच्याकडून ऐकून आलेले. येडे बघायला आले आणि घर शोधायचं काम देऊन गेले. आमच्या धंद्याची सगळी जाहिरात शेटजींनी फुकट केली.

पुढच्या वर्षी शेटजी स्वतः आले. मुलीसाठी फ्लॅट बघायचा होता. खुर्चीवर बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आता मला घ्यायचंय. येड्याच्या दुकानात नंबर लागंल का?"

*

अंबड रोडचे एक सर आणि बाई. दोघंही शिक्षक. बाईंना एक फ्लॅट इतका आवडला होता, की बिल्डरच्या माणसासमोरच त्यांनी देव्हारा कुठं ठेवायचा ते ठरवून टाकलं. त्यानंतर भाव कसला उतरतो! सर हताश होऊन आमच्याकडं आले.

दुसऱ्या बैठकीला आम्ही सोबत गेलो. जिन्यात अप्पांनी बाईंना थांबवलं. "म्याडम, आत गेल्यावर एक शब्द बोलायचा न्हाई. आवडलं तरी तोंड पाडून बसायचं. बोलायचं काम आमचं."

बाई गणिताच्या. सांगितलेलं तंतोतंत करणाऱ्या. त्या अशा बसल्या, की बिल्डरनं चहा पुढं केला तरी त्यांनी कपाकडं एखाद्या नापास पेपराकडं बघावं तसं बघितलं. बिल्डर आमच्याशी बोलत होता, पण त्याची नजर सारखी बाईंकडं. भाव थोडा उतरला. बाई तशाच. पार्किंग त्यात आलं. बाईंनी एक सुस्कारा सोडला. शेवटी तो आपणहून म्हणाला, "ताई, किचनला ग्रिल लावून देतो, पण मनात काही ठेवू नका."

व्यवहार ठरवून आम्ही खाली आलो. सर गाडीपाशी थांबले. चेहरा पार उतरलेला. हळूच बायकोला म्हणाले, "एवढं आवडलं नसेल तर राहू दे. टोकन परत मागू आपण."

बाई पायरीवर बसून हसायला लागल्या. त्यांना उठवायला मला हात द्यावा लागला.

*

एक गृहस्थ फोनवर म्हणाले, घर स्वस्त पाहिजे, मोठं पाहिजे, स्टेशनजवळ पाहिजे आणि शांत पाहिजे.

अप्पा म्हणाले, "साहेब, या चारातलं एक काहीतरी सोडावं लागंल. घरी विचारून सांगा, काय सोडता."

थोड्या वेळानं फोन आला. "विचारलं."

"काय म्हनल्या?"

"म्हणाली, तुम्हालाच सोडते."

शेवटी त्यांनी स्टेशन सोडलं. मंठा रोडच्या पुढं दोन खोल्या जास्तीच्या मिळाल्या, आणि त्या माउलींनी एका खोलीत शिवणाचा क्लास काढला. त्यांना तिथं छान वाटतंय. साहेबांना अजून सोडलेलं नाही.

*

जालन्यात घर बघायचं म्हणजे आधी पाणी बघायचं. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी सगळे आधी टाइल्स बघतात.

एसटीतले एक कंडक्टर भाऊ होते, त्यांना आम्ही एका नव्या बिल्डिंगमध्ये घेऊन गेलो. सेल्समन पोरगा गोड बोलणारा. "पाण्याचा प्रॉब्लेम बिलकुल न्हाई सर," म्हणत त्यानं नळ सोडून दाखवला. धो धो पाणी. कंडक्टर भाऊंचा चेहरा खुलला.

अप्पा म्हणाले, "लई तहान लागली," आणि समोरच्या दारावर टकटक केली. तिथं लोक राहायला आले होते. एका ताईंनी दार उघडलं. अप्पांनी पाणी मागितलं.

ताईंनी सहज विचारलं, "कोनतं देऊ? जारचं का टँकरचं?"

सेल्समन म्हणाला, "काका, माझ्याकडं बाटली हाय ना."

कंडक्टर भाऊंना आम्ही दुसरीकडं, एका जुन्या पण सामायिक विहीर असलेल्या बिल्डिंगमध्ये घर मिळवून दिलं. बाहेरून रंग उडालेला, लिफ्ट नाही, भाव मात्र परवडणारा. उन्हाळा आला. एका दुपारी कंडक्टर भाऊंचा फोन, "म्याडम, तुमचा एक ओळखीचा माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं खोली बघायला आलाय."

"कोण?"

"तोच. बाटलीवाला."

*

रामेश्वर आणि सीमा वडीगोद्रीकडचे. घरची शेती भाऊ बघतो, रामेश्वर इथं एका स्टील कारखान्यात. लग्नापासून भाड्याच्या खोलीत. सरकारी घरकुल योजनेतून मदत मिळण्यासारखी होती, बँकेचं कर्जही बसत होतं. मी त्याला समजावून सांगितलं, की या मदतीसाठी घरावर बायकोचं नाव लागतं. आणि घर नुसतं तिच्याच नावावर घेतलं, तर नोंदणीचा खर्चही कमी येतो.

रामेश्वर गंभीर झाला. "म्हंजे भट्टीसमोर मी उभा राहनार, आन घर तिच्या नावावर?"

सीमा खाली बघत होती. अप्पांनी काही समजावलं नाही. फक्त विचारलं, "तू ड्युटीवर गेल्यावर घरात कोन असतं?"

"ती."

"तू घरी आल्यावर?"

"ती बी असते."

"मंग झालं की."

रामेश्वर दोन दिवस विचार करून आला. घर सीमाच्या नावावर झालं. रजिस्ट्रीच्या वेळी साहेबांनी विचारलं, "घेणार कोण?" तेव्हा ती इतक्या हळू "मी" म्हणाली, की साहेबांना परत विचारावं लागलं. दुसऱ्यांदा मात्र सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

राहायला गेल्यावर काही दिवसांनी रामेश्वरचा फोन आला. "म्याडम, तुमी हे काय करून ठेवलं?"

"काय झालं?"

"काल कारखान्यातून आल्तो. उंबऱ्यात अडवलं मला. म्हन्ते, चपला बाहेर. माझ्या घरात धूळ आनायची न्हाई."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करनार? काढल्या." आणि तो इतका हसला, की मागून सीमाचंही हसणं ऐकू आलं.

*

निर्मलाबाई जालन्यात भाड्याच्या जागेत मेस चालवायच्या. एकट्या, मुलगी शिकणारी. त्यांच्या आवाक्यात शहरात काहीच बसेना. अप्पा एक दिवस म्हणाले, "राजूरला येता का?"

मला ते पटलं नव्हतं. शहरात मेस चालवणाऱ्या बाईला गावात कशाला न्यायचं? पण आम्ही गेलो. घर गणपतीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, पुढं मोठा ओटा. भाव ऐकून मलाच शंका आली. मालक प्रामाणिक निघाला. त्यानं स्वतःच सांगितलं, "बाई, खोटं बोलत न्हाई. चतुर्थीला इथं राहवत न्हाई. पहाटेपासून मानसं. ओट्यावर बसतात, पानी मागतात, लेकरं झोपवतात. पाहून गेलेल्या सगळ्यांनी न्हाई म्हनलं."

निर्मलाबाईंनी त्याला विचारलं, "किती मानसं?"

"मोजता येत न्हाई."

त्या माझ्याकडं वळल्या. "म्याडम, गिऱ्हाईक पायानं चालत ओट्यावर येतंय, आन हे म्हन्तात तरास हाय."

तरी अप्पांनी त्यांना थेट हो म्हणू दिलं नाही. चतुर्थीला पुन्हा नेलं, सकाळपासून दुपारपर्यंत त्या ओट्यावर बसवलं. बाई गर्दी बघत बसल्या आणि उठल्या त्या घर घ्यायचं ठरवूनच.

आता चतुर्थीला त्यांच्या ओट्यावर साबुदाण्याची खिचडी मिळते. बाकीच्या दिवशी भाकरी-पिठलं. मुलीनं हिशोब हातात घेतलाय. मागं एकदा मी दर्शनाला गेल्ते. ओट्यासमोर ही रांग. ओळखीचा फायदा म्हणून मी बाजूनं आत शिरायला बघितलं. निर्मलाबाईंनी कढईवरून मान वर केली.

"म्याडम, लाइनीत या. घर तुमी दिलं, पन खिचडी बाप्पाची हाय."

मी लाइनीत गेले. खिचडी चांगली होती.

*

आता माधवरावांचं.

माधवराव एका सरकारी ऑफिसात नोकरीला. घर शोधायला आले तेव्हा सगळ्या अटी सांगून झाल्यावर म्हणाले, "आणखी एक. माझा लहान भाऊ केशव पण घर बघतोय म्हणे. तो जिकडं घेईल तिकडं मला नको."

दोन आठवड्यांनी केशव आला. बियाण्याच्या कंपनीत कामाला. त्याला आमच्याकडं माधवराव येऊन गेल्याचं माहीत नव्हतं. त्याचीही शेवटची अट तीच. "दादा शहराच्या ज्या बाजूला जाईल, त्याच्या उलट बाजूला दाखवा."

शेताच्या वाटणीवरून दोघांत बोलणं बंद झालेलं. वडील गेले तेव्हासुद्धा दोघं अंगणाच्या दोन टोकांना उभे होते, असं केशवनंच सांगितलं. सांगताना तो टेबलावरच्या काचेकडं बघत होता.

मी अप्पांना म्हणाले, "एकाचं दुसऱ्याला सांगायला पाहिजे. दोघंही आपलेच गिऱ्हाईक."

"दोघांचे व्यवहार येगळे, घरं येगळी. मंग एकाचं गुपित दुसऱ्याला सांगायचा आपल्याला काय अधिकार?" अप्पा म्हणाले. ते बराबर होतं.

आम्ही दोघांसाठी जीव तोडून काम केलं. माधवरावांना मंठा रोडला मिळालं, केशवला भोकरदन नाक्याच्या पलीकडं. मध्ये आख्खं शहर. दोघंही आपापल्या जागी खूश.

रजिस्ट्रीची वेळ घ्यायचं काम अप्पांकडं असतं. त्या दिवशी सकाळी मी माधवरावांना घेऊन नोंदणी कार्यालयात पोचले. त्यांचं काम सुरळीत झालं, पाठीमागच्या बाकावर बसून ते कागदाची वाट बघत होते. तेवढ्यात दारातून केशव आत आला.

दोघांनी एकमेकांना बघितलं. केशव दारातच थांबला. मग आत आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

मी बाहेर जाऊन अप्पांना गाठलं. "अप्पा, दोघांची वेळ एकाच दिवशी?"

"तेवढीच मिळाली."

"मधे आख्खा महिना होता."

"चहा सांगून येतो," म्हणून अप्पा गेले.

केशवचा नंबर पुकारला. घेणारा, विकणारा, सगळे समोर उभे. घेणाऱ्याची ओळख पटवून सही करायला दोन ओळखदार लागतात, त्यातली एक मी. दुसरे नेहमीप्रमाणे अप्पा. अप्पांचा पत्ता नाही. फोन लावला, तो बंद. या माणसाचा फोन मी आजवर बंद बघितला नव्हता.

साहेब घाईत होते. "दुसरा ओळखदार कोण? जल्दी बोला, न्हाईतर पुढचा नंबर घेतो."

केशवनं इकडंतिकडं बघितलं. विकणारा पुटपुटायला लागला. मी पुन्हा फोन लावत होते.

मागं बाक वाजला. माधवराव उठून टेबलापाशी आले आणि आधारकार्ड साहेबांसमोर ठेवलं.

साहेबांनी मान वर न करता विचारलं, "तुम्ही यांना ओळखता?"

"ओळखतो," माधवराव म्हणाले. "याला पोहायला मी शिकवलं."

"ते नको. नातं सांगा."

माधवरावांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी केशवच बोलला.

"मोठा भाऊ."

माधवरावांनी सही केली. केशव त्यांच्या हाताकडं बघत राहिला.

दार ढकलून अप्पा आत आले. हातात थाळी, त्यात चहाचे चार ग्लास.