भिंगरीचे दोनशे मीटर

घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत. जेवतानाही एक पाय हलत असायचा. वडील नगरपालिकेच्या जलतरण तलावावर पंप चालवत. पोरीच्या अंगातली रग जिरावी म्हणून त्यांनी सातव्या वर्षी तिला पाण्यात सोडलं. रग काही जिरली नाही, पण दोन वर्षांत मोठी मुलं तिच्याशी शर्यत लावायला कचरू लागली.

तेविसाव्या वर्षी ती दोनशे मीटर फ्रीस्टाइलसाठी ऑलिम्पिकला निघाली. प्रशिक्षकांनी, म्हणजे तिच्या सरांनी, बजावलं, "पहिले पन्नास मीटर हात राखून पोह. कुणी पुढे गेली तर जाऊ दे."

"कळलं हो, सर."

"कळतं तुला सगळं. वळत नाही."

भोंगा वाजला आणि शेजारची पुढे सरकलेली दिसताच हिला राहवेना. पन्नास मीटरला ही सगळ्यांत पुढे! घरी टीव्हीसमोर वडील उभेच राहिले. दीडशेनंतर मात्र खांदे शिशाचे झाले. एकेक जण तिला ओलांडून गेली. प्राथमिक फेरीतच आठांत सातवी.

सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता टॉवेल पुढे केला.

परतल्यावर बँकेत नोकरी लागली. दुपारपर्यंत खुर्ची तिला चावायला लागायची. मावशी म्हणाली, "झालं की गं ऑलिम्पिक! आता जरा बूड टेकव." तिनं दोन महिने टेकवून पाहिलं. तिसऱ्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत उठली, ती थेट तलावावर.

"सर, मला थांबायला शिकवा."

सरांनी तिला रोज पोहायला येणाऱ्या एका निवृत्त पोस्टमनच्या मागे सोडलं. त्यांना ओलांडायचं नाही, एवढीच अट. तिचा जीव नुसता कासावीस व्हायचा. आजोबा वैतागून ओरडायचे, "बाई, तळव्याला हात नको लावूस, गुदगुल्या होतात!"

चार वर्षांनी ती पुन्हा ऑलिम्पिकला उतरली. प्राथमिक फेरीत पन्नास मीटरला सहावी. आतून नुसती आग. तरी तिनं हात राखला. शेवटच्या पन्नासात चौघींना मागे टाकून ती दुसरी आली. उपान्त्य फेरीतही पोहली. तिथे शेवटची आली, पण स्वतःची वेळ दोन सेकंदांनी सुधारून.

पुढे खांद्यानं दगा दिला. आता ती त्याच तलावावर शिकवते. पोरं पोहतात आणि ही काठानं त्यांच्याबरोबर चालत राहते. वर्षाला चपलांचे तीन जोड झिजतात, अशी वडिलांची तक्रार आहे.