तीर्थासारखी गोळी

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट घडी घालून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आजी, पमीला एचआयव्ही आहे." बाहेर व्हरांड्यात पमी खांबाभोवती गिरक्या घेत होती. मला वाटलं, ह्या दुसऱ्याच कुणाच्या नातीबद्दल बोलतायत.

एचआयव्ही म्हणजे शरीराची राखण करणाऱ्या पेशींनाच पोखरणारा विषाणू. तो तिला आईकडून आला. आईवडील दोघंही मुंबईत वारले, आणि पमी रत्नागिरीला आमच्याकडे, माझ्याकडे न् ह्यांच्याकडे आली. औषधानं विषाणू मरत नाही, पण निजून राहतो, असं बाई म्हणाल्या. निजून राहतो, हे मला आवडलं. औषध पाजताना मी मनातल्या मनात त्याला अंगाई म्हणायचे.

औषध तेव्हा पातळ, सिरप. त्यातली एक बाटली गारव्यात लागे. आमच्याकडे फ्रीज कुठला? बाईंनीच सांगितलं तसं माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायचो. सकाळची तिरीप आली की वाळूत काहीतरी उजळायचं. पमी म्हणायची, "आज्जी, तिथे माझा समुद्र पुरलाय." पण त्या समुद्रानं आम्हाला बांधून घातलं. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन यायचं, तेवढंच. गणपतीपुळ्याला माझी सख्खी बहीण, पण बाटली वाटेत तापेल म्हणून तिच्याकडे कधी मुक्काम झाला नाही.

पमी सात वर्षांची झाली तेव्हा बाई म्हणाल्या, "आता गोळी सुरू करू. एकाच गोळीत तिन्ही औषधं आहेत."

मी घाईनं विचारलं, "आजार वाढला का हो?"

"नाही आजी. मूल वाढलंय."

ते शब्द मी घरापर्यंत जपून आणले.

पण गोळी घशाखाली उतरेल तर ना! पमी थुंकून टाकायची. मग ह्यांनी ती केळ्यात लपवली. तिच्या दाताखाली आली, आणि झालं! त्यानंतर ती पेजेतली शितंसुद्धा निवडून बघायला लागली. "आजोबा फसवतात," म्हणून दारावरच्या मासेवालीलाही सांगून झालं.

बाई ह्यांना रागावल्या. "लपवू नका. आणि डोस चुकवू नका. चुकत गेले की विषाणू औषधाला सरावतो, मग ते लागू पडत नाही. त्याला रेझिस्टन्स म्हणतात. आहे ते सिरप संपेपर्यंत द्या, तोवर तिला शिकवा."

बाटलीतलं औषध उतरत चाललं. डोळा लागला की मला ओहोटी दिसायची. लांब लांब गेलेलं पाणी, आणि ओल्या वाळूत उभी पमी.

तेवढ्यात शेजारी सत्यनारायण झाला. गुरुजींनी पमीच्या तळव्यावर पळीभर तीर्थ घातलं, त्यात तुळशीचं पान. तुळस चावायची नाही, हे तिला रांगत्या वयापासून ठाऊक. एका घोटात आत! घरी येताना वाटेत तिनं माझा पदर ओढला.

"आज्जी, गोळीपण चावायची नसते ना?"

"नाही गो."

"मग तशी दे की. पण ही गोळी आहे, असं सांगूनच द्यायची."

दुसऱ्या दिवशी तिला देवापुढे पाटावर बसवली. तळव्यावर गोळी ठेवली, वर पळीनं पाणी घातलं. म्हटलं, "पमे, ही गोळी आहे हां." तिनं डोळे मिटले, हात ओठाला लावला. समईची ज्योतसुद्धा हलायची थांबली असं वाटलं. मग तिनं भला मोठा आ केला. रिकामा!

पडवीतून हे ओरडले, "जिभेखाली बघ गो!"

"आजोबा, मी तुमच्यासारखी नाही!"

तुमच्याही घरात असं लेकरू असेल, तर गोळी फोडण्या-कुटण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि लेकराला खरं सांगा. मोठ्यांना वाटतं त्याहून त्याला पुष्कळ पेलतं.

पुढे आम्ही गणपतीपुळ्याला बहिणीकडे चार दिवस राहायला गेलो. ना वाळू, ना माठ. गोळ्या माझ्या पिशवीत. सकाळी किनाऱ्यावर मी माझी प्रेशरची गोळी शोधत होते, तर पमीनंच ती काढली.

"आज्जी, हात पुढे कर."

तिनं गोळी माझ्या तळव्यावर ठेवली. बाटलीच्या टोपणानं वर पाणी घातलं आणि गंभीरपणे म्हणाली, "ही गोळी आहे हां."

मी डोळे मिटून तो घोट घेतला. डोळे उघडले तर पाणी आमच्या पायांशी आलेलं. भरती लागली होती.