आम्ही दोघं आणि मागं म्हैस

माझ्या नवऱ्याला मी तोंडावर आजही अहो-जाहो करते. कागदावर मात्र त्याला 'तो' म्हणणार आहे. इतकी वर्षं शेण काढल्यावर एवढी सूट मिळायला हरकत नाही.

गडहिंग्लजहून लग्न होऊन मी कोल्हापुरात आले ती गवळ्याच्या घरात. नव्वदचं दशक सरत आलं होतं. लोकांच्या घरात केबल येत होती, फ्रिज येत होते, आमच्या घरात रेडकं येत होती. पुढे माणसं, मागे गोठा आणि मधे एक भिंत, तीही म्हशींना आमचा त्रास होऊ नये म्हणून असावी. मी बी.एड. झालेली. मुलगी बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी शिक्षण विचारलंच नाही, धार काढता येते का ते विचारलं. येत नव्हती. तरी मला पसंत केलं, म्हणजे मुलातच काहीतरी खोट असणार अशी मला शंका आली.

मुलगा चांगला निघाला. फक्त तो आधीच एका म्हशीचा झालेला होता. तिचं नाव लिहीत नाही, कारण इथे माणसांचीही लिहिलेली नाहीत आणि तिला जास्तीचा मान द्यायची माझी तयारी नाही. आई मेलेलं रेडकू म्हणून त्यानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ती त्याच्याशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडत नसे. तो आजारी पडला तर घोंगडं पांघरून गोठ्यात जाऊन बसायचा. मी आजारी पडले तेव्हा त्यानं दारातून विचारलं होतं, "काय लागतंय का?"

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी नटवतात. शिंगं रंगवायची, शिंगांना मोरपिसं बांधायची, गळ्यात घुंगरं घालायची. मग मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर पुढे आणि म्हैस आपल्या मनानं मागे पळत. दोरी नाही, काठी नाही, ती फक्त गाडीचा आवाज ओळखते. भर गर्दीत ज्याची म्हैस दुसऱ्या कुणाच्या गाडीमागे जात नाही, त्या गड्याची कॉलर वर्षभर ताठ असते. माझ्या नवऱ्याची कॉलर इस्त्रीशिवाय ताठ होती.

तर मला त्याला एक गोष्ट विचारायची होती. माहेरी जाते म्हणून सांगून मी जयसिंगपूरच्या एका शाळेत मुलाखत देऊन आले होते. शाळेनं मला घेतलं. सोमवारी हजर व्हायचं होतं. रोज एसटीनं जा-ये करणं आमच्या घरात जमणारं नव्हतं, पहाटे शेणात आणि संध्याकाळी दुधात हात घालणारी सून घरात नसली तर घर उभं राहत नाही असं सासूबाईंचं मत होतं. म्हणजे जायचं तर तिथे बिऱ्हाड करायचं. गोठा सांभाळायला दोघं धाकटे दीर होते. प्रश्न एवढाच होता की हा येणार का. नाही म्हणाला तर मी त्याच रात्री बॅग भरून माहेरची गाडी धरायची, असं अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, सांगून आले होते. तिनं नेहमीप्रमाणे "कर तुला काय कराचं ते" म्हणून भांडी आपटली.

पण विचारायचं कुठे? आमच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. पडद्याच्या अलीकडे मी कुजबुजले तरी पलीकडून सासरे, म्हणजे आबा, खोकत. म्हणून त्या आठवड्यात मी हट्ट धरला. "एक दिवस. तुम्ही आणि मी. शेण नाही, म्हस नाही." त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "रंकाळ्याच्या म्होरं, राधानगरी रस्त्याला नवी बाग झालीया. लई प्राणी हाईत म्हणं."

चार वर्षांत पहिल्यांदा बायकोला बाहेर न्यायचं, तर हा माणूस प्राणी बघायला घेऊन निघाला. तरीही मी हो म्हटलं, कारण ते प्राणी सिमेंटचे होते.

रविवारी मी ठेवणीतली साडी नेसले, वर काळा गॉगल. तोही दाढी करून, सेंट मारून आला. आणि मला खूश करायला त्यानं काय करावं? गाडीचा सायलेन्सर काढून टाकला. पाडव्यासारखा. मी म्हटलं, "आवं, हे काय?" तर तोंडभर हसून म्हणाला, "पयल्यांदा जोडीनं चाललोय. वाजतगाजत जाऊया की."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? रंकाळ्यावर धाकटा दीर म्हशी धुवत होता. त्याच्यापाशी पोचल्यावर नवऱ्यानं मान ताठ करून दोनदा गाडी रेस केली. दीर हात हलवत राहिला. आम्ही पुढे निघालो.

माझा पदर उडू नये म्हणून तो गाडी अगदी हळू चालवत होता. गाडीला एकच आरसा होता आणि तो त्यानं आत वळवून ठेवला होता. त्यात त्याला माझं तोंड दिसत होतं हे मला थोड्या वेळानं कळलं. रस्त्यानं लोक थांबून बघू लागले. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक सायकलवाला ओरडला, "पावणं, मागं बगा!" पानपट्टीवरची पोरं ओरडली, "वयनी, मागं, मागं!" मी कोल्हापुरात चार वर्षं काढलेली. रस्त्यावरच्या पोरांनी हाक मारली की वळून बघायचं नसतं. मी गॉगल नीट केला आणि मान आणखी वर केली. त्याला वाटलं आपली जोडी बघतायत, मला वाटलं गॉगल बघतायत. आम्ही दोघंही खूप खुशीत होतो.

बागेचं फाटक म्हणजे सिमेंटचा भला मोठा सिंह, त्याच्या जबड्यातून आत जायचं. नवऱ्यानं गाडी बंद केली. त्या शांततेत मागून दमलेला श्वास ऐकू आला. मी वळून बघितलं. अर्धं अंग धुतलेलं, अर्ध्यावर साबणाचा फेस, गळ्यात तुटका कासरा आणि डोळ्यात माझ्याबद्दल कसलीही आपुलकी नाही. ती सरळ माझ्या बाजूनं पुढे गेली आणि तिनं त्याच्या सेंट मारलेल्या शर्टाला नाक पुसलं.

"अगं बया," नवरा म्हणाला. तो आनंद त्याला लपवता आला नाही.

फाटकावरचा माणूस धावत आला. "ओ पावणं, जनावर आत न्हाय सोडत!"

"पाटीवर काय लिवलंय?" नवऱ्यानं विचारलं. "प्राण्यांची बाग."

"त्ये सिमेंटचे प्राणी हो!"

"मग ही खरी हाय ह्यो हिचा गुन्हा व्हय?"

तोवर पुण्याकडून आलेल्या एका बसमधली माणसं सिंहाकडे पाठ करून म्हशीचे फोटो काढायला लागली होती. त्यांच्यातल्या एका बाईंनी मला विचारलं, "हिला रोज बरोबर आणता का?" बागेच्या मालकानं ती गर्दी बघितली, थोडा विचार केला आणि म्हशीला आत घेतलं. तिकीट आम्हा दोघांचंच लागलं.

बाग झकास होती. हत्तीच्या सोंडेवरून घसरगुंडी, सुरवंटाची आगगाडी, जिराफाच्या मानेत जिना. पेंग्विनच्या पोटावर 'कचरा मला द्या' लिहिलेलं. मुतारीच्या एका दारावर मोर आणि दुसऱ्यावर लांडोर, आणि लांडोर ओळखू न आल्यानं दोन्ही दारांपुढे बायकांचा घोळका. नवरा मात्र फुगला होता. "वाघ हाय, कांगारू हाय, आणि म्हस न्हाय! कोल्हापुरात बाग काढायची आणि म्हस न्हाय!"

"होती ती उणीव भरून काढली तुम्ही," मी म्हटलं.

सुरवंटाच्या गाडीत मी पहिल्यांदा तोंड उघडलं. "मला तुम्हाला एक विचारायचंय." तेवढ्यात त्यानं डब्यातून उडी मारली, कारण अस्वलाच्या वेशातला माणूस म्हशीशी हात मिळवायला निघाला होता. म्हशीनं शिंग खाली घेतलं आणि अस्वल मुंडकं हातात घेऊन पळालं. जेवताना दुसऱ्यांदा काढलं. "अहो, जयसिंगपूरला..." एवढंच झालं. माझ्या पुढ्यातली भाकरी कुणीतरी मागून ओढली. कुणी ते सांगायला नको.

मग मी होडी निवडली. तळ्यात हंसाच्या आकाराच्या, पायानं पायडल मारायच्या होड्या होत्या. पाण्यावर तरी आम्ही दोघंच असू, असं मला वाटलं. म्हैस पाण्यातच रमते हे त्या क्षणी मी विसरले. तळ्याच्या मध्यावर गेलो. त्याचे पाय पायडलवर, माझा हात त्याच्या हातावर. मी श्वास घेतला. काठावर आरडाओरडा झाला. सगळे हंस एकमेकांवर आदळायला लागले, त्यातली जोडपी किंचाळायला लागली, आणि पाण्यातून दोन शिंगं निवांतपणे आमच्याकडे येऊ लागली. ती पोचली. तिनं हनुवटी आमच्या हंसाच्या शेपटीवर टेकवली आणि डोळे मिटले.

मी ओरडले, "तुम्ही हिच्याशीच लगीन का न्हाय केलंसा?"

अख्ख्या तळ्यानं ऐकलं. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मी तोंड फिरवलं आणि मला रडू आलं. रागानं आलं आणि दुःखानंही आलं, कारण दिवस संपत आला होता आणि मला वाटलं, ह्याला विचारण्यात काही अर्थच नाही. उत्तर माझ्यासमोर पाण्यात डुंबत होतं.

संध्याकाळ झाली आणि तिची धारेची वेळ झाली. त्यानं चहाच्या गाड्यावरून पातेलं मागून आणलं, जिराफाखाली उकिडवा बसला आणि धार काढायला लागला. पुणेकर रांगेत उभे राहिले. फेसाळ, कोमट दुधाचा पहिला ग्लास भरला. आमच्या घरात पहिला ग्लास देवाला, मग सासऱ्यांना, मग दिरांना, आणि माझ्यापर्यंत येईस्तो चहात घालायचं दूध उरायचं. तो उठला, रांग ओलांडून माझ्याकडे आला आणि ग्लास माझ्या हातात दिला. "पी," म्हणाला. "सकाळधरनं काय तरी सांगायलीस, मला ऐकूच आलं न्हाय."

मी प्यायले. राग गेला नाही, पण ग्लास रिकामा झाला.

परतताना अंधारायला लागलं. म्हैस मागून येणार आणि रस्त्याला ट्रक. तो म्हणाला, "मागं नजर ठेव." मग मी साडी खोचली आणि गाडीवर उलटी बसले. माझी पाठ त्याच्या पाठीला, तोंड म्हशीकडे. ठेवणीतली साडी गुडघ्यापर्यंत, गॉगल केसात, केसात भाकरीचा तुकडा. लोक पुन्हा थांबून बघत होते. ह्या वेळी कशाकडे बघतायत ते मला माहीत होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

त्याचं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच असेल, पण मी एकदम बोलले. म्हशीकडे बघत सगळं सांगून टाकलं. शाळा, मुलाखत, सोमवार, बिऱ्हाड. गाडी इतकी फडफडत होती की मला प्रत्येक शब्द ओरडून सांगावा लागला. "मी जाणार! तुम्ही येणार काय?"

गाडी चालली, म्हैस चालली. रंकाळा दिसायला लागला. गॅसच्या बत्त्या लावलेले भेळेचे गाडे आले. मी मनात बॅग भरली होती. कुठली साडी वर, कुठली खाली.

मग त्यानं गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. म्हैस येऊन माझ्या गुडघ्यांशी थांबली. माझ्या पाठीमागून त्याचा आवाज आला.

"तिकडं म्हशीला पाणी कुठं हाय?"

माझं डोकंच फिरलं. चार वर्षं ह्या माणसाबरोबर काढली, आयुष्याचा प्रश्न विचारला, आणि ह्याला म्हशीच्या पाण्याची पडलीय! मी तोंड उघडलं, चांगलं सणसणीत बोलणार होते, आणि शब्द ओठावर येता येता थांबले. ज्याला जायचंच नाही, तो पाणी कशाला विचारेल?

"कृष्णा हाय की," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "उदगावला. जवळच हाय."

"मग झालं की," तो म्हणाला. "आबांना मी सांगतो. एवढी एक घिऊन जाऊया, बाकीची ऱ्हाऊ द्यात हितं."

त्यानं किक मारली. त्याच्या पाठीला माझी पाठ होती, त्यामुळे त्या वेळी माझं तोंड कसं झालं होतं ते त्याला दिसलं नाही. ते फक्त म्हशीनं बघितलं.